आवाज तिचा, नाव कुणाचं?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपली. हप्ते भरून सगळ्याजणी पांगल्या, पण एकजण मागे रेंगाळली. म्हणाली, "ताई, जरा बोलायचं होतं. पोरीचं."

पोरीचं म्हटलं की आपल्या काळजात आधी धस्स होतं. पण प्रकरण वेगळंच निघालं. तिची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गळा गोड. गॅदरिंग असो की गणपती, तिच्या गाण्याशिवाय पान हलत नाही. गावातलाच एक मुलगा कॉम्प्युटरवर गाणी तयार करतो, मिरवणुकीतल्या डीजेवाल्यांना मिक्स करून देतो. त्याने तिला विचारलं होतं, "माझ्या नव्या गाण्यात आवाज देशील का? दहा-बारा ओळी आहेत, पाचशे रुपये देतो." झालं, घरात रामायण सुरू! वडील म्हणतात, डीजेच्या नादाला लागायचं नाही. मुलगी रुसून बसलेली. आणि आई मधल्यामधे, नेहमीसारखी.

खरं सांगू का मैत्रिणींनो, माझं पहिलं मत वडिलांसारखंच होतं. डीजे म्हटलं की मला विसर्जनाची मिरवणूक आठवते, खिडक्यांची थरथरणारी तावदानं आठवतात, शेजारच्या आजींचा रक्तदाब आठवतो. तरीही मुलीला म्हटलं, ये घरी, ऐकव तरी काय असतं ते. ती आली. मोबाइलवर गाणं लावलं. मला नुसती टिकटिक ऐकू आली. ती हसली, "काकू, असं नाही कळायचं. हे कानात घाला." तिने हेडफोन दिला आणि काय सांगू, पोटात कुणीतरी मोठा नगारा वाजवावा तसं झालं. वर एका बाईचा नितळ, एकटा आवाज. "ह्याला डबस्टेप म्हणतात काकू."

"छान गाते. कोण आहे गं ही?" मी सहज विचारलं. मुलीने मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. गाणं तयार करणाऱ्याचं नाव होतं. गाणारीचं नव्हतं. "काय की," ती म्हणाली.

त्या 'काय की'ने मला झोप लागू दिली नाही. पुढचे पंधरा-वीस दिवस ह्या मुलीच्या मदतीने मी ह्या संगीताची माहिती काढली. आणि जे हाती लागलं ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे म्हणून आज लिहितेय.

डबस्टेप जन्मलं दक्षिण लंडनमध्ये. क्रॉयडन नावाचं उपनगर आहे. तिथल्या बाजाराच्या रस्त्यावर 'बिग ॲपल रेकॉर्ड्स' नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. दुकानात काम करणारी आणि तिथे रेंगाळणारी पोरं, हॅचा, स्क्रीम, बेंगा, आर्टवर्क, हीच पुढे ह्या संगीताची मोठी नावं झाली. स्क्रीम तर अगदी कोवळ्या वयात तिथे काम करायचा. २००४मध्ये दुकान बंद पडलं, पण तोवर गाणं घराबाहेर पडलं होतं. मिनिटाला साधारण १४० ठोक्यांची गती, पण मुख्य ठोका निम्म्या चालीने पडतो. त्यामुळे धावतंय आणि रेंगाळतंय असं दोन्ही एकदम वाटतं. आणि तळाशी इतका खर्जातला नाद की मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो झेपतच नाही. तो कानाने कमी आणि छातीने जास्त ऐकायचा. ह्या खर्जाला ते लोक 'बास' म्हणतात आणि अशा सगळ्या भाईबंद प्रकारांना मिळून 'बास म्युझिक'.

आता नावातला पहिला शब्द बघा, 'डब'. तो आलाय जमैका ह्या बेटावरून. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरची माणसं कामधंद्यासाठी इंग्लंडला गेली. जाताना आपलं संगीत आणि स्पीकरच्या भिंती उभारून नाचायची रीतही घेऊन गेली. १९७०च्या दशकात जमैकात किंग टबीसारखे ध्वनितंत्रज्ञ एक प्रयोग करत होते. तयार गाणं घ्यायचं, त्यातून गायकाचा आवाज काढून टाकायचा, मागचा ढोल आणि बास तेवढा ठेवायचा, मधूनच आवाजाचा एखादा तुकडा घुमवायचा. ह्याला म्हणायचं डब. म्हणजे ह्या घराण्याची सुरुवातच गाणाऱ्याला बाजूला करून झालेली आहे! त्यात वाईट हेतू नव्हता, ती एक कलाच होती. पण ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी एक गंमत. हे संगीत पोरांनी तयार केलं, पण त्याला ओसरी दिली बायकांनी. २००१मध्ये लंडनमध्ये 'फॉरवर्ड' नावाची क्लबमधली रात्र सुरू झाली. ह्या नव्या गाण्यांना तिथे पहिल्यांदा हक्काची जागा मिळाली. ती चालवण्यात पुढाकार होता सारा लॉकहार्ट ह्या बाईंचा. आणि जानेवारी २००६मध्ये बीबीसीच्या 'रेडिओ वन'वर मेरी ॲन हॉब्ज ह्या निवेदिकेने ह्या मुलांना स्टुडिओत बोलावून एक कार्यक्रम केला, 'डबस्टेप वॉर्झ'. त्या एका रात्रीने क्रॉयडनचं गाणं जगभर गेलं असं जाणकार मानतात. तरी डबस्टेप म्हटलं की लोकांच्या तोंडी नावं येतात ती पोरांची. असो. घर कुणी सांभाळलं हे कुठे कोण लिहितं?

आता मूळ मुद्द्याकडे येते. ही गाणी होतात कशी? एकजण असतो प्रोड्यूसर. हा सिनेमाला पैसे लावणारा निर्माता नव्हे. हा कॉम्प्युटरवर ठोका, बास, सूर सगळं रचतो, एका अर्थी संगीतकारच. हल्ली दोघं-तिघं प्रोड्यूसर मिळून एक गाणं करतात. आणि मग त्यांना लागतो एक आवाज. गाण्याच्या नावापुढे प्रोड्यूसरचं नाव येतं, मग 'फीट.' असं छोटंसं अक्षर आणि त्यापुढे गाणाऱ्याचं नाव. 'फीट.' म्हणजे फीचरिंग, आपल्याकडच्या 'सोबत'सारखं. लग्नपत्रिकेत 'आमचे येथे' म्हणणारा वेगळा आणि 'किलबिल' कोपऱ्यातली नावं वेगळी असतात ना, तसंच. पण कोपऱ्यात का होईना, नाव असतं. पुष्कळदा ते 'फीट.'सुद्धा नसतं.

डबस्टेपच्या आधीपासून हे चालत आलंय. १९८९मध्ये 'ब्लॅक बॉक्स' ह्या इटालियन मंडळींचं 'राइड ऑन टाइम' हे नाचाचं गाणं इंग्लंडमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातला दमदार आवाज होता अमेरिकन गायिका लोलिएटा हॉलोवे हिचा, तिच्या १९८०च्या एका गाण्यातून उचललेला. पडद्यावर मात्र एक सडपातळ मॉडेल ओठ हलवत होती. गळा एकीचा, चेहरा दुसरीचा! हॉलोवेला वकिलामार्फत भांडावं लागलं, तेव्हा कुठे तडजोड झाली.

१९९४मध्ये गोल्डी ह्या कलाकाराचं 'इनर सिटी लाइफ' आलं. बास म्युझिकमधलं हे एक मानाचं पान. ते गाणं ज्या आवाजामुळे अजून ऐकलं जातं तो होता मँचेस्टरच्या डायन शार्लमेन हिचा. २०१५मध्ये ती वारली. आज कुणालाही विचारा, "गोल्डीचं गाणं" म्हणतील. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

आणि २०१०मध्ये अमेरिकेच्या स्क्रिलेक्सने डबस्टेपला पार वेगळं, कर्कश रूप दिलं. त्याच्या 'स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स' ह्या गाण्यात मधेच एक मुलगी आनंदाने किंचाळते. तो आवाज होता इंटरनेटवरच्या एका साध्या व्हिडिओतला. प्लास्टिकचे पेले भराभर रचण्याचा खेळ खेळणारी एक मुलगी आपलाच विक्रम पाहून ओरडली होती. फेब्रुवारी २०१२मध्ये स्क्रिलेक्सला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले, त्यात हे गाणंही होतं. त्या मुलीचा आनंद साऱ्या जगाने ऐकला. गाण्याच्या नावापुढे मात्र तिचं नाव नाही.

मी हे सगळं सांगत होते तेव्हा आमच्या यजमानांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "अगं, पण गाणं तर त्या मुलाने रचलं ना? महिनोन् महिने तो कॉम्प्युटरपुढे बसला असेल. आवाज म्हणजे त्यातला एक सूर. तबलजीचं नाव कुठे असतं कॅसेटवर?"

मुद्दा अगदीच खोटा नाही. ह्या मंडळींची मेहनत मी ऐकली आहे. आवाजाचे तुकडे करून त्यातून काही निराळंच उभं करणं ही कला आहे. 'बरियल' नावाच्या लंडनच्या कलाकाराचा 'अनट्रू' हा २००७चा अल्बम अशाच कापलेल्या, वरखाली केलेल्या आवाजांचा आहे. ऐकताना मध्यरात्री रिकाम्या बसस्टँडवर उभं राहिल्यासारखं वाटतं. मलाही तो आवडला. तेव्हा प्रोड्यूसरचं श्रेय काढून घ्या असं मी म्हणतच नाही. मी एवढंच म्हणते, दोघांचं लिहा. आणि खरं तर तबलजीचंही लिहा!

शिवाय 'आवाज म्हणजे एक सूर' हा नियम सगळ्यांना सारखा लागतो का? २०२३मध्ये चेस अँड स्टेटस आणि बाऊ ह्यांचं 'बडाडान' हे गाणं इंग्लंडमध्ये गाजलं. त्यावर आवाज देणाऱ्या चौघांची नावं आहेत. आयरा, फ्लोडॅन, ट्रिगा, टकुरा. चौघेही पुरुष, चौघांचीही नावं ठळक. त्याच वर्षी स्क्रिलेक्स आणि फ्रेड अगेन ह्यांच्या 'रंबल'वर ह्याच फ्लोडॅनचं नाव बरोबरीने आलं आणि २०२४मध्ये तिघांना मिळून ग्रॅमी मिळालं. चांगलंच झालं. म्हणजे जागा नसते असं नाही. मनात असलं की शीर्षकात सहा नावंही मावतात.

आता ज्यांनी आपलं नाव मिळवलं त्यांच्याकडे बघू. कारण रडगाणं गाऊन आपल्याला थांबायचं नाही.

पहिली केटी बी. दक्षिण लंडनच्या पेकममधली मुलगी. क्रॉयडनच्या ब्रिट स्कूलमध्ये शिकली, पुढे गोल्डस्मिथ्स कॉलेजात संगीताची पदवी घेतली. आधी दुसऱ्यांच्या गाण्यांना आवाज द्यायची. बेंगाने एक नुसत्या वाद्यांची चाल केली होती, तिचं नाव होतं 'मॅन ऑन अ मिशन'. केटीने त्यावर शब्द आणि गाणं चढवलं आणि २०१०मध्ये ते बाहेर आलं तेव्हा नाव झालं होतं 'केटी ऑन अ मिशन'! पुरुषाच्या जागी स्वतःचं नाव, तेही शीर्षकात. इंग्लंडमध्ये ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढच्या वर्षीचा तिचा अल्बम दुसऱ्या क्रमांकावर पोचला आणि मर्क्युरी ह्या मानाच्या पारितोषिकाच्या यादीत आला. त्यातल्या एका गाण्यात तिने मिस डायनामाइट ह्या थोरल्या गायिकेला सोबत घेतलं. म्हणजे आता 'फीट.'च्या पुढे दुसरीचं नाव घालणारी केटी होती. मला हे फार आवडलं. आपल्याला जागा मिळाली की दुसरीला हात द्यायचा.

दुसरी बेकी हिल. हिची गोष्ट मी आमच्या बैठकीत सांगितली तेव्हा पापड लाटणाऱ्या हातांनीही टाळ्या पडल्या. २०१३मध्ये विल्किन्सन ह्या प्रोड्यूसरचं 'आफ्टरग्लो' हे गाणं आलं. ड्रम अँड बेस म्हणतात तो हा प्रकार. गाणं आठव्या क्रमांकावर गेलं, अजूनही वाजतं. त्यातला आवाज बेकीचा, पण गाण्याच्या नावासोबत तिचं नाव नव्हतंच. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. ती गात राहिली. २०२१मध्ये त्याच विल्किन्सनबरोबर तिचं 'हिअर फॉर यू' आलं आणि आता नाव बरोबरीने होतं. २०२२ आणि २०२३, लागोपाठ दोन वर्षं तिला ब्रिट पुरस्कारांत नाचाच्या संगीताचं पारितोषिक मिळालं. आणि २०२३च्या 'डिस्कनेक्ट' ह्या गाण्यावर तिचं नाव आधी आणि चेस अँड स्टेटस ह्या गाजलेल्या जोडीचं नंतर. नसलेल्या नावापासून पहिल्या नावापर्यंत यायला दहा वर्षं लागली.

तिसरी वाट आहे निया आर्काइव्ह्ज हिची. ब्रॅडफर्डची मुलगी. जंगल नावाच्या बास म्युझिकची चालही तीच रचते, शब्दही तीच लिहिते, गातेही तीच. म्हणजे 'फीट.'ची भानगडच नको! इंग्लंडमधल्या कृष्णवर्णीय संगीताच्या मोबो पुरस्कारांत ह्या प्रकाराला जागा नव्हती. तिने २०२१मध्ये जाहीर पत्र लिहून ती मागितली. २०२२मध्ये तो विभाग सुरू झाला आणि पारितोषिकही तिलाच मिळालं. मागितल्याशिवाय आई पण जेवायला वाढत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

"नावाने काय पोट भरतं का?" असं आमच्या गटातल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं. विचारलं ते बरं केलं. कारण इथे नावाने पोटही भरतं. इंग्लंडमध्ये रेकॉर्ड केलेलं गाणं रेडिओवर किंवा सार्वजनिक जागी वाजलं की त्याचे पैसे गोळा होतात. त्यातला अर्धा वाटा रेकॉर्डच्या मालकाला आणि अर्धा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना जातो. त्या अर्ध्यातही ज्याचं नाव मुख्य कलाकार म्हणून नोंदलेलं, त्याला मोठा हिस्सा. मोबाइलवर जी गाणी ऐकली जातात त्यांचे पैसे करारात लिहिल्याप्रमाणे मिळतात. एकरकमी पैसे घेऊन आवाज दिला असेल तर पुढे गाणं कोटी वेळा वाजलं तरी बहुधा छदाम मिळत नाही. आणि प्रोड्यूसरने दिलेल्या चालीवर शब्द आणि सुरावट गाणारीनेच रचली असेल, ह्याला ते 'टॉपलाइन' म्हणतात, तर ती त्या गाण्याची सहलेखिकाही होते. तो वाटा वेगळा. पण तसं कुठेतरी लिहिलेलं पाहिजे!

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? १९४९च्या 'महल' चित्रपटाच्या त्या प्रसिद्ध गाण्याची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! गाणारी होती आपली लता मंगेशकर. रेडिओवर गाणं ऐकून लोकांनी पत्रं लिहून विचारलं, ही कोण गाते? तेव्हा नाव जाहीर झालं. ही वेळ खुद्द लताबाईंवर आली होती, तर आपल्या गावातल्या मुलीची काय कथा?

आज मात्र आपल्या बाजूने कायदा आहे, आणि हे मला ह्या शोधात पहिल्यांदाच कळलं. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये दुरुस्ती झाली. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला आपल्या कलेच्या व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क मिळाला. आणि 'हे मी गायलंय' असं आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही मिळाला. म्हणजे नाव मागणं हा आगाऊपणा नाही, तो हक्क आहे.

हे सगळं आत्ताच का सांगतेय? कारण आता पुढचं संकट दारात उभं आहे. हल्ली आवाजाचे तुकडे पाकिटात भरून विकतात. गायिका एकदा स्टुडिओत जाते, शंभरेक ओळी, आलाप, हुंकार गाते, पैसे घेते. मग जगातला कुणीही प्रोड्यूसर थोडे पैसे भरून तो आवाज आपल्या गाण्यात घालतो. गाणं गाजलं तरी तिला कळतही नाही. आणि त्याच्याही पुढची पायरी म्हणजे यंत्राने केलेला आवाज. २०२५च्या शेवटी इंग्लंडमध्ये 'हेवन' ह्या नावाने 'आय रन' हे नाचाचं गाणं आलं. लोकांना वाटलं, जोर्जा स्मिथ ही गायिकाच गातेय. पण तिचा त्या गाण्याशी संबंध नव्हता. बनवणाऱ्यांपैकी एकाने स्वतःच गाऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तो आवाज बाईचा केला होता. तक्रारी झाल्या, मोबाइलवर गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांनी गाणं काढून टाकलं. मग एका खऱ्या गायिकेकडून पुन्हा गाऊन घेऊन ते आणावं लागलं. जोर्जाच्या रेकॉर्ड कंपनीने त्यात वाटाही मागितला. म्हणजे पूर्वी बाईचा आवाज घेऊन नाव गाळत होते, आता बाईच गाळून आवाज ठेवता येतो! जोर्जामागे कंपनी होती, वकील होते. आपल्या मुलींच्या मागे कोण आहे?

आपणच आहोत, म्हणून त्या मुलाला मी घरी चहाला बोलावलं. चांगला मुलगा निघाला हो. वडिलांचं इस्त्रीचं दुकान, ह्याने हप्त्यावर कॉम्प्युटर घेतलेला, घरच्या माळ्यावर पोती आणि गोधड्या लावून स्टुडिओ केलेला. म्हणाला, "काकू, नाव टाकूच की. त्यात काय एवढं?" मी म्हटलं, "मग लिहूनच ठेवू. त्यात काय एवढं?" जरा कानकोंडा झाला. आम्ही साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या. एक, गाण्याच्या शीर्षकात मुलीचं नाव, आणि जिथे जिथे गाणं टाकशील तिथे ते असायलाच हवं. दोन, पाचशे नाही, हजार रुपये आणि गाण्यातून पुढे जे मिळेल त्यातला ठरलेला वाटा. तीन, हा आवाज ह्याच गाण्यासाठी, दुसऱ्या कशात वापरायचा असेल तर पुन्हा विचारायचं. चार, हा आवाज कॉम्प्युटरला शिकवायला द्यायचा नाही आणि कुणाला विकायचा नाही.

वाट्यावरून बरीच घासाघीस झाली. तो म्हणाला, "मलाच कोण देतंय काकू? डीजेवाले गाणं वाजवतात, माझं नाव तरी कुठे घेतात?" मी गप्प झाले. खरंच की! ह्या पोराचंही नाव कुणी लावत नव्हतं. आमच्या मुलीला तो जे करणार होता तेच त्याच्या वाट्याला रोज येत होतं. शेवटी निम्म्यावर नाही, पण तिसऱ्या हिश्श्यावर ठरलं. दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून मुलीच्या आईने केली. वडील अजून फुरंगटलेले आहेत, पण कागद पाहिल्यावर म्हणाले, "लिखापढी केलीय म्हणजे काम दिसतंय." त्यांच्या दृष्टीने एवढंच खूप झालं. गाणं अजून पुरं व्हायचंय. ते चालेल की पडेल, मला ठाऊक नाही. आणि मिरवणुकीत कान फुटेस्तोवर वाजवलं तर मी आधी जाऊन बंद करायला सांगणार आहे, हेही दोघांना सांगून ठेवलंय.

मैत्रिणींनो, मुलीला 'गाऊ नको' म्हणणं फार सोपं असतं. आपल्या आयांनी तेच केलं, त्यांच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. पण मुलीला घरात कोंडून तिचा आवाज सुरक्षित राहत नाही, नुसता ऐकू येईनासा होतो. त्यापेक्षा तिला म्हणा, गा, पण आधी लिहून घे. आणि हे गाण्यापुरतंच नाही. तुमच्या मसाल्याच्या पाकिटावर कुणाचं नाव आहे ते बघा. तुम्ही शिवलेल्या ब्लाउजवर कुठल्या दुकानाचं लेबल लागतं ते बघा. मी घरी आल्यावर आमच्या गटाच्या चटणीचं पाकीट पाहिलं. त्यावर गटाचं नाव आहे, अध्यक्ष म्हणून माझंही आहे. कूट करणाऱ्या, भाजणाऱ्या सहाजणींचं नाही. पुढच्या छपाईत ती सहा नावं येणार आहेत.

आपण लग्नात, मुंजीत, डोहाळेजेवणात आग्रहाने एकमेकींना म्हणतो, "नाव घे गं!" आणि ती लाजत लाजत त्याचं नाव घेते. आता एकदा तिचं स्वतःचं नाव घ्यायलाही तितकाच आग्रह करू या की!